आमच्या स्टेडियमचं झाकण

छतावर काय साचलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. आमच्या स्टेडियमचं छत सरकणारं आहे. दोन पाखं, दोन्ही लोखंडी रुळांवर. लई दिवस लागलेलं राहून एखाद्या सकाळी उघडलं की मधल्या फटीतून खाली काय पडेल त्याचा नेम नसतो. पालापाचोळा पडतो, मांजा पडतो, मेलेलं कबुतर पडतं. एकदा एका पायातली चप्पल पडली. ती वर गेली कशी, आणि जोडीची कुठं राहिली, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

किस्से पण तसेच. रोजच्या रोज कुणी सांगत बसत नाही, ते आपले साचत राहतात. मग दुपारी आम्ही झाडणाऱ्या बाया जिन्याखाली डबे उघडून बसलो की एक जण एक काढते, आणि मग पडायलाच लागतात. हसतो आम्ही.

माझं म्हणाल तर मी चितेगावात राहते, भाड्याच्या एका खोलीत. आमचे हे तिथंच एका कंपनीत शिफ्टला जातात. स्टेडियम पैठण रोडलाच आहे, त्यामुळं मला जायला-यायला सोपं. पोरगी आरोही, चार वर्षांची. तिला धाप आहे. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिलाय, आणि धूळ, लोकर, जनावरांचे केस ह्यांच्यापासून लांब ठेवा म्हणून सांगितलंय. माझं सासर बिडकीनच्या पलीकडं, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. म्हणजे डॉक्टर जे नको म्हणतात ती सगळी आमच्या घरची इस्टेट आहे.

मागं एकदा तिला सणाला म्हणून तिकडं ठेवली, तर ओठ निळे करून परत आली. तेव्हापासून तिला माझ्याजवळ ठेवायचं, ही माझी एकच धडपड. पुढचे किस्से सगळे झाकणाचे आहेत. पण माझ्या लक्षात राहिले ते तिच्यामुळं.

*

झाकण हे नाव कसं पडलं ते आधी सांगते.

कामाला लागलो त्या दिवशी मॅनेजर साहेबांनी आम्हाला मैदानात मधोमध उभं केलं आणि वर बोट दाखवलं. म्हणाले, "हे रिट्रॅक्टेबल रूफ आहे. पाहुणे येतील, विचारतील. नाव नीट सांगायचं."

आमच्यात सगळ्यात मोठ्या कमलमावशी. छावणीतल्या बंगल्यांवर भांडी घासण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळं साहेब लोकांची भीती त्यांच्यात उरलेली नाही. त्यांनी म्हणून बघितलं, "रिटायरेबल."

"रिट्रॅक्टेबल, मावशी."

"रिटायर होणारं."

"अहो, रिट्रॅक..."

"साहेब," मावशी म्हणाल्या, "डब्याला असतं ना, लागतं आन् उघडतं, त्याला आमी झाकण म्हणतो. हे मोठं हाय म्हणून काय झालं?"

तेव्हापासून झाकण. पुढं एकदा साहेबच वरच्या ऑफिसला फोनवर सांगत होते, "सर, झाकण अडकलंय." पलीकडून बहुतेक विचारलं असणार, कशाचं म्हणून. साहेब बराच वेळ नुसते "सर... नाही सर..." करत उभे होते.

*

एकदा एक पाहुणे आले. त्यांच्या गावाला स्टेडियम बांधायचं चाललं होतं. छत सरकतं करावं का कायमचं, हे ठरवायला ते आमचं बघत होते. साहेबांनी चहा पाजून फायदे सांगितले. पाऊस आला तरी मॅच थांबत नाही. उघडं ठेवलं की दिवसा लाईट जाळावे लागत नाहीत. पोरांना मोकळ्या हवेत पळता येतं. पाहुण्यांनी तोटे विचारले, तर साहेब म्हणाले, "तसे विशेष नाहीत," आणि बिस्किटांची प्लेट पुढं सरकवली.

पाहुणे हुशार. ते उठून बटणाच्या खोलीत गेले. तिथं बशीरभाई बसतात. झाकण उघडायचं आणि लावायचं, हे त्यांचं काम. दाढी मेंदी लावून लाल केलेली, स्वभाव शांत.

"भाई, तुम्ही रोज चालवता. खरं सांगा, ह्याचे फायदे किती?"

"दो, साब. बंद रहा तो बारिश नहीं आती. खुला रहा तो हवा आती."

"आणि तोटे?"

"वोइच दो. बंद रहा तो हवा नहीं आती. खुला रहा तो बारिश आती."

पाहुणे हसले नाहीत. त्यांनी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, "लागलं की वरची घाण येत नाय. पण खालची जात नाय." मग पाहुणे माझ्याकडं वळले.

मी म्हणलं, "उघडं बरं."

"का?"

"हवा येते."

खरं कारण हवा नव्हतं. ते पाहुण्यांना काय सांगणार.

*

खरं कारण असं, की आरोहीला मी सुरुवातीला चोरून आणायचे. जिन्याखाली चटईवर बसवायचे, पंप माझ्या कनवटीला. एक दिवस मॅनेजर साहेब राउंडला आले, आणि ही बया खांबाआडून पुढं येऊन त्यांना म्हणाली, "काका, बिस्कीट पायजे का?"

साहेबांनी बिस्किटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, मूल आत चालत नाही. स्टाफचं मूल आत दिसलं तर मला उत्तर द्यावं लागतं."

हे काम सुटलं तर खोलीचं भाडं एकट्या ह्यांच्या पगारात बसत नाही. मूल घरी ठेवावं तर घरी कोण? कमलमावशी बादली खाली ठेवून पुढं आल्या.

"साहेब, आत म्हंजी काय?"

"आत म्हणजे आत. छताखाली."

"छत हाय कुठं?"

साहेबांनी वर बघितलं. त्या दिवशी झाकण उघडं होतं. वर नुसतं आभाळ, आणि त्यात एक घार गोल गोल फिरत होती.

"डोक्यावर आभाळ दिसतंय म्हंजी माणूस बाहेर आसतो," मावशी म्हणाल्या. "हे लेकरू बाहेर बसलंय, साहेब. आन् तुमीबी बाहेरच उभे हायत."

साहेब मनाचे वाईट नाहीत. ओठ दाबून हसले आणि म्हणाले, "बरं. उघडं असेल त्या दिवशी आणा. तेव्हा नुसती प्रॅक्टिस असते, कुणी बघायला येत नाही. पण मॅचला झाकण लागलं, वरचे लोक आले, की मग बाहेर. तेव्हा माझ्याकडं यायचं नाही."

हा नियम झाला. कागदावर कुठं नव्हता, पण आरोहीला तोंडपाठ. सकाळी डोळे उघडायच्या आधी विचारायची, "आई, आज झाकण उघडं आहे का?" दुसऱ्यांची लेकरं विचारतात, आज सुट्टी आहे का, तसं. मी आदल्या संध्याकाळीच बशीरभाईंना फोन करून ठेवायचे. ते कधी म्हणायचे, "हौ मां, खुला है. लेके आ बच्ची को." कधी म्हणायचे, "कल नक्को." तेवढ्या दोन शब्दांवर माझी सगळी रात्र जायची.

*

बंद ह्या शब्दानं एकदा लई घोळ केला.

कबड्डीच्या मोठ्या मॅचेस होत्या, उद्घाटनाला एक पुढारी येणार होते. त्यांचा भला मोठा फ्लेक्स झाकणाच्या कडेला टांगलेला. हात जोडून हसणारा फोटो. सकाळी झाकण उघडंच होतं, आणि पाहुणे यायच्या आत ते लावून लाईट चालू करायचे होते. मी आरोहीला शेजारी ठेवून आले होते, माझं चित्त तिकडं.

बशीरभाईंनी बटण दाबलं. दोन्ही पाखं निघाली. तेवढ्यात वाऱ्यानं फ्लेक्स वर उचलला आणि बरोबर दोन पाखांच्या मधे नेऊन ठेवला. साहेबांनी खालून बघितलं आणि वॉकीवर ओरडले, "बशीरभाई, बंद करा! बंद करा!"

साहेबांना म्हणायचं होतं, मोटार बंद करा. बशीरभाईंना वाटलं, छत बंद करा. ते आधीच बंद करत होते. साहेब एवढ्या जोरात सांगतायत म्हणजे पाहुणे गेटवर आले असणार, असं समजून त्यांनी अजून जोर लावला.

"अहो, बंद करा म्हणतोय ना!"

"कररा हूं ना साब, पूरा बंद कररा हूं!"

झाकण गच्च लागलं. पुढाऱ्यांचं डोकं गळ्यापर्यंत वर राहिलं, आणि आत आमच्या बाजूला नुसते जोडलेले हात लोंबत राहिले.

पुढारी आले, खुर्चीवर बसले. वर बघितलं. भाषण होईपर्यंत त्यांनी स्वतःचे हात काही कुणाला जोडले नाहीत, खिशातच ठेवले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम काढला. वॉकीवर बंद हा शब्द बोलायचा नाही. मोटार थांबवायची असेल तर "थांब", छत लावायचं असेल तर "झाक". साहेब स्वतः ते दोन शब्द पाठ करत फिरत होते. कमलमावशी म्हणाल्या, "शेवटी आमच्याच डब्यातून घेतला ना शब्द."

*

हे झाकण पावसासाठी बांधलं, असं सगळे सांगतात. पण त्याची एक खोड आहे. वारं जोरात सुटलं की मोटार आपोआप लॉक होते, पाखं उडून जाऊ नयेत म्हणून. आता आमच्याकडं पाऊस कधी वाऱ्याशिवाय आलाय का?

एका दुपारी अवकाळी आला. पोरं खो-खो खेळत होती, आरोही चटईवर. पश्चिमेकडून काळं उठलं आणि पाठोपाठ धुळीचा लोट. बशीरभाई बटणावर बोट ठेवून उभे, आणि समोर लाल दिवा.

साहेब ओरडत होते, "झाक! झाक!"

"साब, लॉक हो गया. हवा रुकी तो होता."

गारा पडायला लागल्या. पोरं डोक्यावर हात घेऊन पळाली. आम्ही बाया मॅटा ओढत होतो, आणि मी मॅटा सोडून आरोहीला पोटाशी धरून जिन्याखाली घुसले. धुळीनं तिला उबळ आली होती. पंप दिला. छाती कोंबडीच्या पिल्लासारखी वरखाली. मी मोजत नव्हते, नुसतं म्हणत होते, घे, अजून घे, बाळा घे.

पाऊस थांबला तसं वारं पडलं. वारं पडलं तसा लाल दिवा विझला, आणि झाकण काही तक्रार न करता व्यवस्थित लागलं.

गुडघ्याएवढं नाही, पण घोट्याएवढं पाणी आत होतं. आता पाणी आत, ऊन बाहेर. आणि त्याच पाण्यात मोटारीच्या जमिनीखालनं गेलेल्या वायरी हळूहळू भिजल्या, त्यामुळं झाकण पुढं कितीतरी दिवस उघडेना. आतल्या आत सगळं उबट झालं, मॅटांना बुरशी आली. बशीरभाई रोज येऊन बटण दाबायचे, आणि मग हातावर हात ठेवून बसायचे.

कमलमावशी मला म्हणाल्या, "पावसापासून बचाव म्हणत होते ना, ते खरंय बग. आता कितीबी पाऊस आला तरी आतलं पाणी भिजणार नाय."

*

त्या दिवसांत आरोही शेजारच्या सखूकाकूंकडं. काकू मायाळू आहेत. पैसे पण घेत नव्हत्या. मी मात्र दर थोड्या वेळानं फोन करायचे. खाल्लं का, झोपली का, खोकते का.

काकू एकदा म्हणाल्या, "रेणू, फोन करकरून पोरीच्या आदी तुलाच धाप लागंल बग."

मी त्यांना पंप नीट दाखवला होता. तोंडात धरायचा, दाबायचा, श्वास आत ओढायला लावायचा. त्या हो हो म्हणाल्या.

एका दुपारी गल्लीत कुणाच्या तरी घरी मिरच्या कांडत होते. त्याचा खकाणा काकूंच्या खोलीत आला. आरोही खोकायला लागली, डोळे पांढरे करायला लागली. काकू घाबरल्या. पंप हातात घेतला, आणि डासांसाठी मारतात तसा खोलीच्या चारी कोपऱ्यांत मारला. कोपऱ्यात, खिडकीत, पलंगाखाली. म्हणजे पोरीला सगळीकडून चांगली हवा मिळेल.

मी पोचले तेव्हा पंप रिकामा होता. काकू पदरानं तिला वारा घालत होत्या आणि म्हणत होत्या, "सगळा मारला गं, एक थेंब शिल्लक ठेवला नाय."

रिक्षात आरोही माझ्या मांडीवर होती. प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजायची, आणि मी त्या शिट्टीला कान लावून बसले होते, कारण शिट्टी वाजतेय तोवर श्वास आहे. रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, लहान बाळाला खेळणं दिलंय का वाजवायला?" मी नुसतं म्हणलं, "भाऊ, जोरात चला."

डॉक्टरांनी वाचवली. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी तिला निजवलं. मग म्हणाले, "गावाकडं आई आहे. मेंढरं असली तरी घरचं माणूस आहे. ते तुझं झाकण परत उघडलं तर ठीक. नाही तर तिकडं ठेवू."

चुकीचं बोलले असं मी म्हणत नाही. पण मला ते निळे ओठ दिसत होते.

*

मग मी देवाला धरलं. खंडोबाला म्हणलं, देवा, ते झाकण तेवढं उघडू दे आणि उघडंच राहू दे. डबा खाताना हे बोलून गेले, तर कमलमावशी घास थांबवून म्हणाल्या, "आगं बये, मी तर देवीला सांगून ठिवलंय, लागलेलं राहू दे म्हणून. उघडलं की बिडकीनकडची सगळी माती आत येती. दोन-दोनदा झाडून माझी कंबर गेली."

"मावशी, माझ्या पोरीसाठी तरी."

"पोरीसाठी तर हायच. पण मी आधी सांगितलंय. आता माघारी कसं घेऊ?"

वायरमन येऊन गेले. बशीरभाईंनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. एक पाख सरसर निघून गेलं. दुसरं कुरकुरलं, आणि जागेवरच बसलं. अर्धं आभाळ, अर्धं पत्र्याचं.

मावशी वर बघत म्हणाल्या, "दोघींचं पण ऐकलं बग."

ते तसंच राहिलं. पार्ट बाहेरून यायचा होता, आणि बाहेर म्हणजे कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. मी भीत भीत आरोहीला घेऊन आले. मॅनेजर साहेब आले, कमरेवर हात ठेवून वर बघितलं, खाली बघितलं.

"आता ही आत आहे का बाहेर?"

"उन्हात बसली तर बाहेर," मावशी म्हणाल्या, "सावलीत बसली तर आत."

साहेब म्हणाले, "मान्य."

थंडीचे दिवस होते म्हणून बरं. आरोहीनं ते एवढं मनावर घेतलं की ऊन सरकेल तशी चटई सरकवायची. खेळणारी पोरं तिला चिडवायची, "ए झाकणवाली, पाय आत गेला बघ," आणि ही पाय ओढून घ्यायची. दुपारी ऊन चटके द्यायला लागलं, चेहरा लाल झाला, मी म्हणलं, बाळा, सावलीत ये गं. तर मान हलवून म्हणाली, "नको. तिकडं आत आहे."

मी तिच्या डोक्यावर ओला रुमाल टाकला आणि फडक्याला लागले. दुसरं काय करणार.

*

शेवटी वरचे साहेब आले. मोठी मीटिंग झाली. पार्टचा खर्च, वायरींचा खर्च, वाऱ्याची कटकट, मातीची कटकट. ठरलं ते असं, की उघडं राहिलेलं पाख लावून दोन्ही एकदाची जुळवायची आणि वेल्डिंग मारून कायमची बसवायची. मग मॅचेस तर होतीलच, लग्नाला पण भाड्यानं देता येईल.

मावशी म्हणाल्या, "एवढा खर्च करून उघडायला बांधलं. आता लावायला मजूर आणलेत."

बशीरभाईंना पार्किंगवर टाकलं. मी म्हणलं, "भाई, वाईट झालं." ते दाढी कुरवाळत म्हणाले, "नहीं मां. उधर छतच नहीं है. टेन्शनच खतम."

घरी हे म्हणाले, "आता?"

आता काही नव्हतं. ह्यांनी आईला फोन केला.

*

वेल्डिंगच्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आरोहीला न्यायला सकाळीच स्टेडियमच्या गेटवर आल्या. वॉचमननं आत सोडलं नाही, म्हणून तिथंच पायरीवर बसल्या. मी बाहेर जाऊन पाया पडले. त्यांनी पदराआडून एक नवी गोधडी दाखवली. "कापडाची हाय, लोकरीची नाय. मेंढरं बी पार वावराच्या टोकाला बांधलीत. खोली शेणानं न सारवता पाण्यानं पुसून घेतली. आजून काय करू सांग."

मी गोधडीवरून हात फिरवला. त्यांनी मान वर करून स्टेडियमकडं बघितलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एवढं मोठं छप्पर," म्हणाल्या, "आन् ह्याच्या खाली एका लेकराला जागा नाय व्हय?"

मी म्हणलं, "बसा, माझी सुट्टी झाली की घेऊन येते."

आत येऊन मी आरोहीला सगळं समजावलं असं नाही. आजी आली आहे, एवढंच म्हणलं. ती उन्हात चटईवर बसून बाटलीचं टोपण उघडझाप करत होती. वर वेल्डिंगवाले चढलेले. मॅनेजर साहेब मैदानात मधोमध हातात वॉकी घेऊन उभे. बशीरभाईंना शेवटचं म्हणून पार्किंगवरून बोलावून घेतलं होतं. मी आणि मावशी पहिल्या रांगेच्या खुर्च्या पुसत होतो.

"झाक," साहेब वॉकीवर म्हणाले. हळूच म्हणाले.

मोटार सुरू झाली. उघड्या बाजूनं पत्रा यायला लागला. मैदानावरचं ऊन आधी चादरीएवढं होतं, मग सतरंजीएवढं झालं, मग पट्ट्याएवढं. मी फडकं हातात धरून बघत राहिले. आरोहीनं एकदा वर बघितलं, आणि उठली. पाण्याची बाटली पिशवीत टाकली. पंप टाकला. चटईची गुंडाळी केली, तिला धड येत नाही, तरी केली. चपला घातल्या, उलट्या. आणि निघाली.

कुणी तिला काही म्हणलं नव्हतं. मी पण नाही.

झाकण लागलं. आत एकदम अंधार झाला, मग एक-एक लाईट पेटत गेला. ती मैदानाच्या मधून चालली होती, चटई जमिनीवर ओढत. साहेबांजवळून जाताना साहेब खाली वाकले. त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"आरोही, आज राहू दे. आज बस आत. मी सांगतो ना."

ती थांबली. वर बघितलं, मग साहेबांकडं बघितलं. आणि जसं लहान भावाला समजावतात तसं त्यांना म्हणाली, "नाय काका. झाकण लागलं. आता तुमी पण चला."

एवढं बोलून तिनं हात पुढं केला.

वरून वेल्डिंगच्या ठिणग्या पडायला लागल्या होत्या. कमलमावशींनी माझा दंड धरला. साहेबांनी वॉकी खुर्चीवर ठेवली, तिच्या हातातून चटई घेऊन काखेत मारली, तिचं बोट धरलं, आणि गेटकडं चालायला लागले.